आधी प्रत, मग बाकी सगळं

पुणे

चि. माई हिस,


आक्काचा फोन आला होता. राजारामनगरच्या कॉलेजात तुझं नाव लागलं आणि लॅपटॉपही घरी आला, या दोन्ही गोष्टी तिनं एका दमात सांगितल्या. दाजींनी उसाच्या शेवटच्या बिलाला हात का लावला नव्हता, ते आता कळलं. आपल्या दोन्ही घरांत इंजिनिअरिंगला जाणारी तू पहिली. त्या लॅपटॉपबद्दल तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मुद्दाम लिहून पाठवतोय. फोनवर सांगितलेलं ऐकून होतं, करायचं राहून जातं.

लॅपटॉपमध्ये दुसरं काहीही घालायच्या आधी कंपनीनं भरून दिलेल्या विंडोजची प्रत काढून बाजूला ठेव. सिनेमे, गाणी, सीनियरनं दिलेली सॉफ्टवेअर, सगळं नंतर. आधी प्रत.

तू म्हणशील, विंडोज तर आतच आहे, बिघडलं तर ‘रीसेट’ करता येतं. येतं खरं, पण ते कशाच्या जोरावर येतं ते एकदा बघ. स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघड. तिथं नुसती सी ड्राइव्ह नसते. सुरुवातीला शंभर ते अडीचशे एमबीचा एक छोटा कप्पा दिसेल. लॅपटॉप चालू होताना पहिलं वाचन तिथून होतं. मग मोठी सी. आणि शेवटाला एक-दोन असे कप्पे, ज्यांना अक्षर दिलेलं नाही आणि जे एरवी तुला कुठं दिसणार नाहीत. त्यांच्यावर ‘रिकव्हरी पार्टिशन’ लिहिलेलं असतं. विंडोज उठेनासं झालं की दुरुस्तीची साधनं त्या कप्प्यातून चालतात. काही कंपन्या तिथंच, लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडला त्या वेळची पूर्ण प्रतही ठेवतात. आणि विंडोजचं ते रीसेट एक तर सी ड्राइव्हमधल्याच फायली वापरून नवं विंडोज उभं करतं, नाहीतर इंटरनेटवरून उतरवून घेतं.

म्हणजे मूळही त्याच डिस्कवर आणि प्रतही त्याच डिस्कवर. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवून दाराला कुलूप लावण्यासारखं आहे हे. डिस्कच गेली तर दोन्ही एकदम जातात. पूर्वीची हार्ड डिस्क मरायच्या आधी खरखरायची, हळू व्हायची, माणसाला सावध करायची. आताची एसएसडी पुष्कळदा काल रात्री चालू होती आणि आज सकाळी नाही, अशीच जाते. इकडे माझं कामच लॅपटॉप दुरुस्तीचं आहे, त्यामुळे असे लॅपटॉप कायम हातात येतात.

पण खरं सांगू का, डिस्क मेल्यामुळं जितके लॅपटॉप माझ्याकडे येतात, त्याहून जास्त त्या कप्प्यांशी खेळल्यामुळं येतात. होस्टेलवर कुणीतरी सांगतं, “हे पंधरा-वीस जीबी उगाच अडकलंय, डिलीट मार, जागा मिळेल.” किंवा लिनक्स घालताना ‘इरेज डिस्क’ला होकार दिला जातो आणि सगळे कप्पे एका फटक्यात पुसले जातात. पोरांचा यात दोष नाही. तो कप्पा कशासाठी आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. खोक्यात चार्जर असतो, वॉरंटीचा कागद असतो. ‘ही प्रत आधी काढून घ्या’ असं ठळक अक्षरात सांगणारा कागद मी तरी पाहिलेला नाही.

पूर्वी असं नव्हतं. लॅपटॉपच्या खोक्यात विंडोजची किंवा निदान रिकव्हरीची सीडी मिळायची. २००० सालाच्या आसपासपासून ती हळूहळू बंद होत गेली आणि तिची जागा या लपवलेल्या कप्प्यानं घेतली. कंपनीचा खर्च वाचला आणि जबाबदारी गिऱ्हाइकावर आली. पन्नास-साठ हजारांची वस्तू विकताना तीनचारशे रुपयांचा पेन ड्राइव्ह खोक्यात घालणं कंपनीला जड नाही. तो त्यांनी घालायलाच हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते घालत नाहीत तोवर आपला आपण करायचा.

बिघडलेला लॅपटॉप मग जातो दुकानात. “विंडोज टाकून देतो, तीनशे रुपये.” तासाभरात लॅपटॉप चालू होऊन मिळतो. काय टाकलं, कुठून आणलं, हे कुणी विचारत नाही. माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या लॅपटॉपवर अशाच एका दुकानात विंडोज प्रो घातलं गेलं, ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवून. असले अ‍ॅक्टिव्हेटर चालवायचे तर पुष्कळदा आधी अँटीव्हायरस बंद करावा लागतो. त्या दाराने आणखी काय आत येतं हे चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आणि यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की त्या मुलानं अस्सल विंडोजचे पैसे लॅपटॉपच्या किमतीतच भरलेले होते. विंडोज ८ आलं २०१२ साली. तेव्हापासून कंपन्या परवान्याचा क्रमांक लॅपटॉपच्या मदरबोर्डमध्येच लिहून ठेवतात. खालच्या बाजूला पूर्वी असायची तशी आकड्यांची चिकटपट्टी आता नसते, म्हणून लोकांना वाटतं परवाना गेला. तो जात नाही. त्याच प्रकारचं विंडोज पुन्हा घातलं, म्हणजे तुझ्यावर होम असेल तर होमच, तर इंटरनेट जोडल्यावर ते क्रमांक न विचारता स्वतःहून अधिकृत होतं. दाजींच्या पैशातून विकत घेतलेली वस्तू टाकून देऊन चोरीची घालून घ्यायची गरजच नाही. एवढी एक गोष्ट इस्लामपुरातल्या प्रत्येक लॅपटॉपवाल्याला कळावी, असं मला फार वाटतं.

आता प्रत सुटी का ठेवायची, यासाठी तुला एक घडलेली गोष्ट सांगतो. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षं परदेशी जातात ती ज्या न्हावा शेवा बंदरातून, तिथली.

२७ जून २०१७. युक्रेनमध्ये हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू सुटला. तो वरवर खंडणी मागत होता, पण पैसे भरले तरी काही परत मिळणार नव्हतं. मशीन चालूच होऊ नये अशा रीतीनं तो डिस्कचा सुरुवातीचा भाग बिघडवायचा. डेन्मार्कची मर्स्क ही जगातली मोठी जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या गटाकडे असलेलं न्हावा शेवाचं गेटवे टर्मिनल्स इंडियाही सापडलं. संगणक बंद पडले आणि कंटेनर कुठला, कुणाचा, कुठं ठेवलाय हे सांगणारं काही उरलं नाही. जगभर तिच्या इतर काही टर्मिनलांवरही हेच झालं.

मर्स्ककडे बॅकअप नव्हते असं नाही, आपापल्या सर्व्हरवरच्या माहितीचे होते. पण कंपनीच्या जाळ्यात कोण आत येऊ शकतो, कुणाला काय करता येतं, हे ठरवणारे जे मुख्य सर्व्हर होते, सुमारे दीडशे, ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असायचे. एक गेला तर बाकीचे आहेतच, अशी कल्पना. सगळेच एका वेळी जातील हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. नेमकं तेच झालं. जगभर शोधाशोध झाल्यावर एक प्रत सापडली, आफ्रिकेतल्या घाना देशात. विषाणू पसरला तेव्हा तिथल्या कार्यालयाची लाईट गेलेली होती. सर्व्हर बंद होता म्हणून तो वाचला. घानातलं इंटरनेट इतकं हळू की ती माहिती तारेवरून पाठवायला फार दिवस लागले असते. आणि तिथल्या कुणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण हार्ड डिस्क घेऊन विमानानं नायजेरियात गेला, तिथं दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्यानं ती इंग्लंडला पोचवली. त्या एका डिस्कच्या आधारानं सगळं जाळं पुन्हा बांधलं गेलं. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढं जाहीरपणे सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

एवढी मोठी कंपनी, पण वाचली ती जाळ्यातून सुटलेल्या एका प्रतीमुळं. आणि ती प्रतही कुणी ठरवून सुटी ठेवलेली नव्हती, लाईट गेली म्हणून राहिली होती. तुझी प्रत मात्र तू ठरवून सुटी ठेवायची आहेस.

तर आता कामाचं. ३२ जीबीचा चांगल्या कंपनीचा कोरा पेन ड्राइव्ह घे. मायक्रोसॉफ्टनं १६ जीबी पुरेल असं सांगितलेलं असतं, पण काठावरचं नको. पेन ड्राइव्हवर आधीचं जे असेल ते सगळं पुसलं जातं, म्हणून कुणाचा फोटोंनी भरलेला घेऊ नकोस. नव्या लॅपटॉपवर विंडोज अपडेट पूर्ण होऊ दे, एकदोनदा बंद-चालू कर. मग शोधच्या चौकटीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असं टाकलंस की ‘क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह’ हा प्रोग्रॅम येईल. तो उघडल्यावर पहिल्याच पानावर एक चौकोन असतो, सिस्टीमच्या फायलीही या ड्राइव्हवर घ्यायच्या का असं विचारणारा. त्याच्यात बरोबरची खूण असलीच पाहिजे. खूण नसेल तर पेन ड्राइव्हवर नुसती दुरुस्तीची साधनं येतात, विंडोज येत नाही. आणि नवी डिस्क बसवल्यावर तो पेन ड्राइव्ह काहीच उपयोगाचा नसतो. खूण असेल तर तासभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. चार्जर लावून ठेव आणि बॅटरी भरलेली असू दे. आपल्याकडची लाईट कधी जाईल सांगता येत नाही. स्क्रीन काळी पडली म्हणून मध्येच उपसू नकोस.

झाल्यावर एक गोष्ट हमखास कर, जी बहुतेक लोक करत नाहीत. लॅपटॉप बंद करून त्या पेन ड्राइव्हवरून चालू करून बघ. बूटच्या यादीसाठी डेलवर एफ१२, एचपीवर एफ९, लेनोव्होवर बाजूला नोव्हो नावाचं बारीक बटण असतं; तुझ्या मॉडेलला कुठलं ते वेबसाइटवर मिळेल. निळ्या पानावर ‘ट्रबलशूट’, ‘रिकव्हर फ्रॉम अ ड्राइव्ह’ दिसलं की तुझी प्रत जिवंत आहे असं समज. तिथंच थांब, पुढचं बटण दाबू नकोस. ते दाबलं तर सगळं पुसून नवं विंडोज बसायला सुरुवात होईल. लॅपटॉप बंद कर, पेन ड्राइव्ह काढ, त्याच्यावर कागद चिकटवून मॉडेल आणि तारीख लिही. वर्षातून एकदा तो नव्यानं बनवत जा.

कंपन्यांची स्वतःची साधनंही असतात. डेल, एचपी, लेनोव्हो यांच्या वेबसाइटवरून लॅपटॉपचा अनुक्रमांक किंवा मॉडेलचा क्रमांक देऊन कारखान्यातली मूळ प्रत पेन ड्राइव्हवर उतरवता येते. जमलं तर तीही काढून ठेव, पण कंपनी ती सेवा कायम देईल या भरवशावर राहू नकोस. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून नुसतं कोरं विंडोजही फुकट मिळतं. त्यात अडचण एकच: तुझ्या लॅपटॉपचे ड्रायव्हर त्यात नसतात. इंटेलच्या बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर ते कोरं विंडोज घालायला गेलं की डिस्कच दिसत नाही, कारण डिस्ककडे जाणाऱ्या वाटेचा ड्रायव्हर आधी द्यावा लागतो. वायफायचा नसतो म्हणून ड्रायव्हर उतरवायचा कसा हाही प्रश्न. माणूस घाबरतो, डिस्क गेली म्हणतो आणि दुकानात नवी डिस्क विकत घेतो. कंपनीनं भरून दिलेल्या विंडोजची प्रत जपायची ती यासाठी. त्यात हे सगळं जिथल्या तिथं बसवलेलं असतं.

आता सगळ्यात नाजूक भाग, नीट वाच. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं आत गेलीस की पुष्कळदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते, तुला न विचारता. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघ. चालू असेल तर वाईट नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर कुणाला आतलं वाचता येणार नाही. पण बायॉसमध्ये काही बदल झाला, मदरबोर्ड दुरुस्त करून आला, तर एक दिवस निळ्या पानावर तो ४८ आकडी किल्ली मागतो. ती नसेल तर आतलं कुणीही काढून देऊ शकत नाही, मीही नाही आणि मायक्रोसॉफ्टही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळं जगभर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बसले, आपल्याकडे काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दुरुस्ती तशी सोपी होती, एक फाइल काढायची. पण कुलूपबंद संगणकांना आधी ती ४८ आकडी किल्ली टंकावी लागली, एकेका मशीनसमोर बसून.

ही किल्ली तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. कुठलं खातं? दुकानातल्या पोरानं घाईत स्वतःच्या मेलवरून उघडून दिलेलं असेल तर किल्ली त्याच्याकडे आहे. तेव्हा खातं तुझ्याच नावाचं, तुझ्याच मेलचं आणि तुझ्याच मोबाइल नंबरचं आहे ना, हे आजच तपास. मग ती किल्ली वहीत शाईनं उतरवून काढ, सहा-सहा आकड्यांचे आठ गट. दोनदा ताडून बघ. पुढं कधी एन्क्रिप्शन बंद करून परत चालू केलंस तर किल्ली बदलते, तेव्हा नवी लिही. लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल तर तेही याच खात्याला जोडून घे. ते या पेन ड्राइव्हवर येईल असं धरून चालू नकोस, खात्यातून परत मिळेल.

पुढच्या सेमिस्टरला तुझी सगळी सॉफ्टवेअर घालून झाली की क्लोनझिला वापरून अख्ख्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर कशी घ्यायची ते शिकवेन. तैवानच्या संगणक केंद्रात तयार झालेलं फुकट, खुलं साधन आहे. त्याच्यासाठी डिस्कचं कुलूप आधी काढावं लागतं आणि विंडोज शिफ्ट दाबून पूर्ण बंद करावं लागतं. घाई नाही त्याची.

प्रत ठेवायची कुठं? लॅपटॉपच्या पिशवीत नाही. पिशवी एस.टी.त राहिली तर दोन्ही जातील. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं, आणि नदीकाठच्या गावांत लोक नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडले होते. तुझं आजोळ बह्याला, अगदी नदीला लागून. तेव्हा तिथं आजीच्या ट्रंकेत नको. इस्लामपुरात घरच्या कपाटात दाजींच्या सात-बाऱ्याच्या फायलीत तो पेन ड्राइव्ह ठेव आणि वहीतल्या किल्लीची नक्कल माझ्याकडे पाठव. मोबाइलवर फोटो नको, बंद पाकिटात दे.

हे सगळं विंडोजचं झालं. तुझ्या स्वतःच्या फायली, असाइनमेंट, प्रोजेक्टचा कोड, यातलं काही त्या पेन ड्राइव्हवर नसतं. त्यांची प्रत वेगळी, दर आठवड्याची. त्याबद्दल पुन्हा कधी लिहीन.

माई, हे सगळं मी नुसतं काळजीपोटी लिहीत नाही. आपल्या घरांत महागाची वस्तू आली की पोरींना पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, “हात लावू नको, बिघडेल.” आक्काला ते ऐकावं लागलं, तिच्या मैत्रिणींनाही. मुलगे उघडून बघतात, मोडतात, पुन्हा जोडतात आणि शिकतात. तुला तसं शिकता यावं, असं मला मनापासून वाटतं. उबंटू घाल, कप्पे पाड, रजिस्ट्रीत बोट घाल, बूटलोडर मोडून पुन्हा उभा कर. संगणक शिकायची दुसरी वाट मला माहीत नाही. प्रत हातात असली की यातल्या कशानंही दाजींचे पैसे वाया जात नाहीत. दोन-तीन तासांत लॅपटॉप पहिल्या दिवसासारखा होतो, आणि तो तू स्वतः केलेला असतो, कुणाच्या दुकानात ताटकळत न बसता.

येत्या रविवारी हे काम उरकून टाक. कॉलेज सुरू झाल्यावर होत नाही. चार्जर लावून, सकाळीच बस. कुठं अडलं तर मध्येच फोन कर, मी घरीच आहे. आणि तुझ्या वर्गातल्या ज्या मुलींनी नवे लॅपटॉप घेतलेत, त्यांना हे पत्र वाचायला दे.

दाजींना आणि आक्काला नमस्कार, आजीला साष्टांग.

तुझा,
मामा